दैव, दोष आणि तृतीय पक्ष

कासारवाडीत दसऱ्याला नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि त्याच गाडीच्या कप्प्यात विम्याचा कागदही असतो. यात विसंगती पाहणाऱ्यांनी गीतेचा अठरावा अध्याय आठवावा, कारण तेथे कर्माच्या पाच कारणांत दैव पाचवे आहे आणि त्याने उरलेली चार रद्द होत नाहीत. लिंबू मालकाच्या रक्षणासाठी असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केलेला तृतीय पक्ष विमा मात्र मालकाच्या गाडीच्या नुकसानीपोटी छदामही देत नाही; नाशिक फाट्यावर धडक बसलेल्या पादचाऱ्याला, म्हणजे करारात नसलेल्या परक्याला, तो भरपाई देतो. मनुष्यऋण इतक्या रोकड्या रूपात क्वचितच फेडले जाते. त्यातही कलम १६४ अधिक विचारप्रवर्तक आहे: मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये चालकाचा दोष सिद्ध न करताच मागता येतात, म्हणजे येथे पापाचा निवाडा न होताही दुःखाचे देणे मान्य होते, आणि कर्मसिद्धांताच्या ढोबळ मांडणीला हे सहजी पेलत नाही. स्वतःच्या गाडीसाठीचा सर्वसमावेशक विमा ऐच्छिक असून, त्यातील घोषित मूल्य, म्हणजे घसारा वजा जाता उरणारी किंमत, हप्ता वाचवण्यासाठी कमी लिहून घेणे ही काटकसर नव्हे. गाडी चोरीला गेल्यास भरपाई त्याच आकड्यावर थांबते.