सटवाईच्या आधी

पाचवीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा पुजतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते. माझ्या दोन्ही मुलांची पाचवी मी पुजली आहे, आणि उपकेंद्रात नर्स म्हणून गावची पोरं टोचण्यात उभी नोकरी गेली. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-ब ही तर जन्मल्या दिवशीच द्यायची असतात. म्हणजे आम्ही सटवाईच्याही आधी पोचतो. तिचा त्यावर राग असल्याचं मला तरी जाणवलं नाही.

"लिवलेलं टळतं का, बाई?" अंगणवाडीतल्या सत्राला आलेल्या एका आजीने विचारलं. पेंटा लशीच्या वेळी नातवाला ताप भरला, घरातले दचकले, आणि गोवर-रुबेलाचा नवव्या महिन्याचा डोस लांबला होता. आजीचं स्वतःचं एक मूल गोवराने गेलेलं. कपाळी होतं म्हणून गेलं, या एका समजुतीवर तिने ते दुःख सोसलं. आता मी 'टळतं' म्हटलं, तर तिचा तो आधार काढून घेऊन हाती दोष देणार. हे आम्हाला प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही. मी एवढंच म्हटलं, "आजी, सरकारी लसीकरणात गोवराची लस आली १९८५ला. तुमचं लेकरू त्याच्या आधीचं. तुमच्या हाती तेव्हा काही नव्हतंच."

आता आहे, हे तिचं तिला कळलं.

माझी अडचण नशीब मानणाऱ्यांशी नाही. ते कुणाचं नशीब, एवढंच विचारते. गोवर श्वासातून पसरतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं लस नीट रुजू देत नाहीत, म्हणून एरवी नऊ महिन्यांच्या आत ती आम्ही देत नाही. २०२२ला मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. साथ नसताना मात्र शेजारच्या घरातली सहा महिन्यांची पोर मोठ्या मुलांच्या आडोशानेच जगते. तिथे 'आमच्या नशिबात असेल ते होईल' म्हणणारा आजोबा स्वतःचं प्रारब्ध भोगत नसतो. तो तिच्या कपाळावर लिहीत असतो. तो अधिकार त्याला कुणी दिला? न टोचणं हेही कर्मच, आणि त्याचं फळ दुसऱ्याच्या पाळण्यात पडतं.

"एवढं करून बी झालाच तर?" आजी सहज सोडणारी नव्हती.

"नवव्या महिन्याच्या डोसाने शंभरातली पंच्याऐंशीएक पोरं तयार होतात. बाकीच्यांसाठी सोळाव्या महिन्यानंतर दुसरा."

"आन् त्यातनं बी ऱ्हायलं, ते सटवाईचं."

"ते तिचं," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटतं.

आजीने नातवाची उजवी बाही वर सारली. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची, म्हणून आशाताईला मी वरच्या आळीतली राहिलेली पोरं आणायला पिटाळलं.