टगवर जाणाऱ्या भाच्याला

मोरा, उरण



न्हावा-शेव्याच्या टगवर डेकचा खलाशी म्हणून तुला घेतल्याचं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. आपल्या घरात मासेमारीची होडी प्रत्येकाने चालवली, पोहणं तुला शिकवावं लागलं नाही, पाण्याची भीती तुला नाही. पण होडीवरच्या काही सवयी टगवर आड येतात. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही आणि सांगितलेलं ध्यानात राहत नाही, म्हणून लिहून पाठवतो आहे.

होडीवर संकट आलं तरी बहुतेक वेळा थोडा अवधी असतो. इंजिन बंद पडलं, पाणी आत येऊ लागलं, वारा वाढला, तरी चार माणसं विचार करतात, हाका मारतात, काहीतरी सुचतं. टगचा दोर जहाजाला लागलेला असताना असा अवधी नसतो. तेव्हा तुला जे वाचवणार आहे ते दोर लागण्याआधी करून झालेलं असलं पाहिजे. मला सांगायचं आहे ते हेच. पुढचा सगळा त्याचा तपशील.

सर्वांत मोठा धोका आधी सांगतो. टग जहाजाला ओढते हे सगळ्यांना दिसतं. जहाजही टगला ओढू शकतं हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. जुन्या पद्धतीच्या टगला हुक मध्याजवळ आणि पाण्यातले पंखे मागे असतात. जहाज पुढे निघालं आणि दोर टगच्या कुशीवर आडवा आला, की तिला तोंड वळवता येत नाही. जहाज तिला आडवीच फरफटत नेतं, ती कलते, डेकची कड पाण्याखाली जाते आणि पुढचं सगळं काही सेकंदांत आटोपतं. याला गर्टिंग म्हणतात. हल्लीच्या टगांचे पंखे चहूकडे फिरतात, दोर नाळेवरच्या विंचवरून जातो, त्यामुळे धोका बराच कमी झाला आहे. तो संपलेला नाही. जहाजाचा वेग दुप्पट झाला तर पाण्याचा जोर चौपट होतो. चार नॉटवर टगला जो भार येतो तो सहा नॉटवर सव्वादोन पट होतो. मास्टर, म्हणजे टगचा कप्तान, रेडिओवर जहाजावरच्या पायलटला वेग कमी करायला सांगत असेल, तर त्या वेळी डेकवर रेंगाळू नकोस. ते बोलणं तुझ्याही जिवाचं आहे.

स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीतल्या दोन घटना तुला माहीत असाव्यात. 19 डिसेंबर 2007 ला दाट धुक्यात एका मालवाहू जहाजाला घेऊन जाताना ‘फ्लाइंग फँटम’ ही टग उलटली. चौघांपैकी तिघे गेले. 24 फेब्रुवारी 2023 ला त्याच खाडीत, ग्रीनॉकपाशी, ‘हेब्रिडियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजाला दोर लावलेली ‘बायटर’ उलटली आणि तिच्यावरचे दोघेही गेले. ब्रिटनचं सागरी अपघात तपास पथक असे अहवाल सर्वांसाठी खुले ठेवतं. कोणाला शिक्षा करायची म्हणून ते लिहिलेले नसतात, पुढचा माणूस वाचावा म्हणून लिहिलेले असतात. मला त्यांत सर्वांत जास्त लागलं ते हे: पहिल्या टगवर इंजिन रूमचं जलरोधक दार उघडं होतं, दुसरीवर खाली जाणारं झाकण उघडं होतं. मधे पंधरा वर्षं गेली, आणि खाडीही तीच.

दार उघडं का राहतं, ते तुला पहिल्याच आठवड्यात कळेल. इंजिन रूममध्ये मे महिन्यात उभं राहवत नाही. ड्रायव्हर म्हणेल, राहू दे रे, जरा हवा येते. तो वाईट माणूस नाही, त्याला खरंच उकडतं. पण टग कलली की उघडं दार म्हणजे पाण्यात आडव्या झालेल्या घागरीचं तोंड. बंद दाराची टग काही क्षण जास्त तरंगते आणि तेवढ्यात माणसं बाहेर पडतात. हवेसाठी पंखे आहेत, व्हेंटिलेशनची नळी आहे, ती बिघडली असेल तर दुरुस्त करून घ्यावी. त्यासाठी दार उघडं ठेवायचं नाही. दोर देण्यापूर्वी डेकवरून एक फेरी मार, प्रत्येक दार आणि झाकण हाताने दाबून बघ, आणि मास्टरला मोठ्याने सांग, ‘सगळं बंद आहे.’ नव्या पोराने असं बोललेलं कोणाला आगाऊपणा वाटला तर वाटू दे.

दुसरी गोष्ट, दोर तातडीने सोडण्याची सोय. हुकाला ट्रिप असते, विंचला ब्रेक सोडण्याचं बटण असतं. ते ब्रिजवर कुठे आहे, डेकवर कुठे आहे, वीज गेली तर चालतं का, आणि दाबल्यावर दोर सुटायला किती वेळ लागतो, हे मास्टरला विचारून घे. काही विंचवर बटण दाबलं की दोर लगेच सुटत नाही. कामाच्या दिवशी पहिल्यांदा बटण शोधणाऱ्या माणसाला उशीर झालेला असतो. चाचणी घेतली म्हणून वहीत सही झाली आणि चाचणी झालीच नाही, असं कुठे दिसलं तर त्या सहीत आपलं नाव मिसळू नकोस.

आता दोर. आपल्या बंदरातल्या टगा पन्नास-साठ टनांची ओढ लावतात. एवढ्या ताणाचा दोर तुटला तर तो कोणत्या बाजूला येईल हे नेमकं कोणीही सांगू शकत नाही. नायलॉन रबरासारखं ताणलं जातं आणि तुटल्यावर परत झेपावतं. नवे हलके दोर कमी ताणले जातात, पण त्यांना नायलॉनचा तुकडा जोडलेला असला तर झेप तीच. डेकवर रंगाने आखलेल्या धोक्याच्या पट्ट्यांवर विसंबू नकोस. पट्ट्याबाहेरचा भाग सुरक्षित आहे असं त्यातून वाटतं आणि माणूस तिथेच उभा राहतो. माझं मत स्पष्ट आहे: ताण आला की मोकळ्या डेकवर कोणी नसावं. हीव्हिंग लाइन, म्हणजे आधी फेकायची बारीक दोरी, घेतली, मुख्य दोर दिला, दोराचा डोळा बोलार्डवर बसल्याची खूण मिळाली, की आत. दोराच्या वेटोळ्यात पाय कधी ठेवायचा नाही, ओलांडताना सुद्धा नाही. विंचजवळ जाताना बोटात अंगठी नको, लोंबता रेनकोट नको, सैल हातमोजे नकोत. ड्रमने कापड पकडलं की हात सुटत नाही.

लाइफ जॅकेटबद्दल तुझ्याशी वाद होणार हे मला ठाऊक आहे. तू भरतीला खाडी पोहून आलेला मुलगा. पण बंदरात पडणारा माणूस बहुतेक वेळा पोहण्याच्या स्थितीत पडत नाही. डोकं फेंडरवर किंवा जहाजाच्या अंगावर आपटतं, हात मोडतो, दम जातो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात आपल्या बंदरात ओहोटीचा ओढा दोन नॉटचा असतो, कधी त्याहून जास्त. दोन नॉट म्हणजे सेकंदाला एक मीटर, मिनिटाला साठ मीटर. टग जहाजाला बांधलेली, रात्र, गढूळ पाणी. तुला शोधायला मास्टरला आधी दोर सोडावा लागेल. जॅकेट म्हणूनच हवं. आपोआप फुगणारं असेल तर त्याचं गॅसचं नळकांडं घट्ट बसलेलं आहे का ते ड्यूटीवर चढताना बघ, आणि मांड्यांमधला पट्टा लाव. तो नसेल तर जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यात राहतं.

बंद जागांबद्दल थोडक्यात सांगतो, पण हे हलकं समजू नकोस. बार्जची रिकामी टाकी, नांगराच्या साखळीची कोठी, बरेच दिवस झाकण न उघडलेली पोकळी, यांत लोखंडाचा गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. बाहेर हवेत तो 20.9 टक्के असतो. आत किती उरला आहे हे नाकाला कळत नाही, वास येत नाही, खोकला येत नाही, माणूस सरळ कोसळतो. 23 सप्टेंबर 2007 ला उत्तर समुद्रात ‘वायकिंग आयले’ या बचावनौकेवर साखळीच्या कोठीत एकामागून एक तीन खलाशी गेले. मागून गेलेले आधीच्याला काढायला उतरले होते. मीटरने हवा तपासल्याशिवाय आत डोकंही घालू नकोस. आणि आत तुझा सख्खा मित्र पडलेला असला तरी धावत उतरू नकोस, आधी आरडाओरडा कर आणि श्वसनयंत्र मागव.

काम भरती-ओहोटीप्रमाणे येतं आणि झोप मोडते. रात्री दोनला जहाज, पहाटे पाचला दुसरं. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार नियम सांगतो की चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, सात दिवसांत किमान 77 तास, आणि दिवसाच्या विश्रांतीचे दोनपेक्षा जास्त तुकडे नकोत, त्यांतला एक तरी सलग सहा तासांचा हवा. हा नियम तुझ्या टगला जसाच्या तसा लागू असो वा नसो, शरीराला तो लागू आहेच. वहीत झोपेचे खोटे तास भरू नकोस. पेंगत असलास तर तसं सांग. पेंगणारा माणूस दोर उशिरा पाहतो.

कधी बार्ज घेऊन बाहेर, तेलक्षेत्राकडे जाण्याची वेळ आली, तर 17 मे 2021 आठवायचा. तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाली, ते सगळ्यांना आठवतं. ‘वरप्रदा’ टग मात्र लोक विसरले. तिच्यावर तेरा जण होते, दोघे वाचले. हवामान खात्याचे इशारे आधीच्या दिवसांपासून येत होते. बंदरात परतायचं की नाही हे खलाशी ठरवत नाही हे मला मान्य आहे. पण लाइफ राफ्टची सर्व्हिसिंगची तारीख उलटली आहे का, राफ्ट पाण्याच्या दाबाने आपोआप सुटेल अशी जोडलेली आहे की कोणी दोरीने आवळून ठेवली आहे, हे तू निघण्याआधी बघू शकतोस. आवळलेली राफ्ट टगबरोबरच तळाला जाते.

आता सुरक्षेची दुसरी बाजू, घातपातापासूनची. टगचे लोक हे पोलिसांचं काम समजतात. 1993 च्या मुंबईतल्या बाँबस्फोटांसाठी शस्त्रं आणि स्फोटकं आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरली. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवरचे हल्लेखोर गुजरातच्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेवर कब्जा करून, तिच्या तांडेलाचा जीव घेऊन आले, आणि रबरी होडीतून कफ परेडला बधवार पार्कपाशी मच्छीमारांच्या वस्तीत उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं होतं, हटकलंही होतं. समुद्रावर काय वेगळं आहे ते आपल्या माणसाला आधी दिसतं. तू रात्रंदिवस बंदरात असशील. कोणती होडी रोजची, कोणती नाही. कोण जाळं टाकतो आहे आणि कोण नुसता जाळं घेऊन उभा आहे, हे तुला कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा चांगलं कळेल. खटकलं तर मास्टरला सांग. सागरी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे क्रमांक फोनमध्ये ठेव. चुकीची शंका निघाली तर कोणाचं काही बिघडत नाही.

जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता 1 जुलै 2004 पासून लागू आहे. ती परदेशी जाणाऱ्या पाचशे टनांवरच्या मालवाहू जहाजांना लागते, म्हणून बंदरातली छोटी टग बहुधा तिच्यातून सुटते. पण तू ज्या धक्क्याला टग बांधतोस तो धक्का तिच्यात असतो, आणि ज्या जहाजाच्या अंगाला टेकतोस ते जहाजही. टगवर सहज चढलेला माणूस तिथून पुढे कुठेही जाऊ शकतो. म्हणून धक्क्यावर असताना एक जण जागा हवाच. येणाऱ्याचं नाव आणि पास बघायचा, ओळखीचा असला तरी. आपला पास कोणाला, अगदी चुलत भावालाही, वापरायला द्यायचा नाही.

एक कठीण गोष्ट लिहितो. रात्री अंधारात होडी लावून कोणी डिझेल मागेल, पैसे रोख देईल. इतरजण घेत असतील. तू घेऊ नकोस. चोरी आहे हे तर झालंच, पण ज्याच्यासाठी तू अंधारात कठड्याशी दोर टाकलास त्याला तुझी टग, तुझी वेळ आणि तुझी किंमत कळली. उद्या तो डिझेलऐवजी एखादं गाठोडं ठेवायला सांगेल आणि तुला नाही म्हणता येणार नाही.

मोबाइलही असाच. शेजारी नौदलाची गोदी आहे. युद्धनौका जवळून जाताना सुंदर दिसते, पण तिचा व्हिडिओ काढू नकोस, आणि आज कोणतं जहाज कुठे लागणार हे समाजमाध्यमावर लिहू नकोस. ब्रिजवरच्या नकाशाच्या संगणकाला फोन चार्जिंगला लावायचा नाही, त्यातून विषाणू शिरू शकतो. जून 2017 मध्ये एका संगणक-विषाणूने न्हावा-शेव्यातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम थांबवलं होतं.

पुढे कधी सिंगापूरकडे बार्ज ओढत नेलीस तर तिथल्या सामुद्रधुनीत संथ टग आणि ठेंगणी बार्ज चोरांना सोपी पडते, बार्जवरचं भंगार लोखंडसुद्धा रात्री उतरवतात. मार्च 2016 मध्ये फिलिपीन्सजवळ ‘ब्रह्मा 12’ या टगवरचे दहा इंडोनेशियन खलाशी अपहरणकर्त्यांनी नेले. ते सुटून परतले. अशा वेळी सामानासाठी झुंजायचं नाही. दारं आतून बंद करायची, संदेश द्यायचा, सगळ्यांनी एकत्र राहायचं.

शेवटी, मास्टरचा मान राख. त्याला तुझ्याहून खूप जास्त कळतं. पण दोर जहाजाला जाण्याआधी काही चुकीचं दिसलं तर मान राखून तिथल्या तिथे बोल. ज्या टगवर असं बोलणाऱ्याला गप्प बसवतात त्या टगवर राहू नकोस. दुसरी नोकरी मी शोधून देईन, ताईला मी समजावतो.

पहिल्या पंधरवड्यात मला उत्तर लिही. त्यात टगवरची दारं आणि झाकणं किती, दोर तातडीने सोडायचं बटण कुठे, आणि राफ्टची पुढची सर्व्हिसिंग कधी, एवढं नक्की कळव.

तुझा,
मामा