पाण्याचे खजिनदार कोण?

काश्मीरच्या प्रवासाचा योग आला तर बनिहालचा घाट ओलांडल्यावर, पीर पंजाल पर्वतरांगेच्या पायथ्याशी वेरीनागला अवश्य थांबा. झेलम नदीचा उगम मानला जाणारा हा झरा बादशाह जहांगीरने 1620 च्या सुमारास अष्टकोनी दगडी कुंडात बांधून घेतला. निळेशार पाणी कुंडात शांतपणे भरत राहते आणि पाटातून वाहू लागते. पाहणाऱ्याला वाटावे, पाणी येथेच जन्मास येते.

वस्तुतः ते वरून आलेले असते. हिवाळ्यात शिखरांवर बर्फ साठतो, पुढे ऊन वाढेल तसा हळूहळू वितळतो, चुनखडीच्या खडकांतील भेगांतून आत मुरतो आणि पायथ्याशी झरा होऊन प्रकटतो. पवित्र कुरआनची सूरह जुमर (39:21) याच व्यवस्थेकडे लक्ष वेधते: आकाशातून उतरलेले पाणी अल्लाहच जमिनीत झऱ्यांच्या वाटेने नेतो. आणि सूरह हिज्र (15:22) मानवाला जाणीव करून देते की या पाण्याचे खजिनदार आपण नाही.

याची प्रचीती त्याच अनंतनाग जिल्ह्यात आली. हिवाळ्यात बर्फ व पाऊस अत्यल्प पडल्याने फेब्रुवारी 2025 मध्ये अच्छाबलचा प्रसिद्ध झरा आटला. मुघलांची बाग जागेवर होती, दगडी पाट जागेवर होते. पाणी तेवढे नव्हते. आसपासच्या गावांपुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. पाणी जमिनीत खोल गेले तर ते कोण आणून देणार, हा सूरह मुल्कच्या अखेरच्या आयतीतील (67:30) प्रश्न तेथे प्रत्यक्ष समोर आला.

मग सारे अल्लाहच्या हाती म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? कदापि नाही. खजिना त्याचा आहे, पण आपल्या हाती आलेले पाणी ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) एका ‘मुद’ पाण्यात, म्हणजे जेमतेम ओंजळभर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. आपण मात्र मसह करीत असतानाही नळ वाहता ठेवतो! झऱ्याकाठी उद्गारलेले ‘सुब्हानल्लाह’ घरच्या नळापर्यंत पोहोचले, तरच ती कृतज्ञता खरी.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या देणगीची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.