फळी किती जणांची?

मोडलेली वस्तू बदलायची म्हणजे होती तशीच दुसरी आणायची, असं आपण धरूनच चालतो. जुन्या तुकड्याचं माप घेतो, तेच लाकूड शोधतो, आणि सुताराला सांगतो, "अगदी अशीच पाहिजे." यात विचार करण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नाही. पण "अशीच" म्हणताना आपण एक निर्णय घेतलेला असतो. आधी जे होतं ते बरोबर होतं, असा तो निर्णय. कधी कधी तो फार महागात पडणारा असतो, आणि त्याची किंमत आपण नाही, दुसरंच कोणी तरी देत असतं.

आमच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर-मोहाडीकडच्या गावांमध्ये, पूर्वी माणसांना न्यायला रेंगी असायची. ओझ्याची बंडी वेगळी आणि रेंगी वेगळी. रेंगी हलकी, दोन चाकांची, वर बांबूच्या तट्ट्याची कमान. आत तनस अंथरायचं, त्यावर सतरंजी टाकायची. लग्नाला, बाळंतिणीला आणायला, जत्रेला रेंगीच जुंपायची. दूरच्या वाटेवर तेच घर होऊन जायचं. ज्यांनी डांबरी सडक आणि एस.टी.च पाहिली त्यांना हे सांगूनही खरं वाटत नाही, पण महाशिवरात्रीच्या गायमुखच्या जत्रेला निघालं की तीन दिवस आमचा संसार त्या तट्ट्याखाली मावायचा.

या संसारात एक फळी होती. बीजाच्या लाकडाची, तीन हात लांब, दीड हात रुंद. चालत्या रेंगीत ती मागच्या खाचेत आडवी बसायची आणि म्हाताऱ्या माणसाला टेकायला व्हायची. मुक्कामाला उतरलं की ती काढून दोन दगडांवर ठेवायची, तिच्यावर भंडाऱ्याच्या पितळी थाळ्या मांडायच्या. रात्री तीच पुन्हा आत घेऊन लहान पोराला निजवायचं. ती आजोबांनी करून घेतलेली. लाकूड त्यांनी स्वतः पारखून आणलं होतं, अन् आमच्या गावच्या वाढयाच्या बापानं ती रंधली होती.

१९७१ च्या महाशिवरात्रीला परतीच्या वाटेवर रेंगी नाल्यात उतरताना एक चाक खड्ड्यात गेलं, आतली लोखंडी पेटी सरकून फळीवर आदळली आणि फळी रेषेतून उभी फाटली. ते जोडण्याजोगं राहिलं नव्हतं. गावात आल्यावर वाढई आला, त्यानं फाटकी फळी उलटीपालटी केली आणि आजीला एकच विचारलं.

"किती जनाची करू?"

मोठेबाबा म्हणाले, "किती जनाची म्हंजे? बुढ्यानं जशी केली होती तशीच पायजे. एक बोट इकडं नाई, एक बोट तिकडं नाई."

मोठेबाबांच्या बोलण्यात हट्ट होता, पण नुसता हट्ट नव्हता. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी हाताळलेल्या वस्तू घरातून एकेक करून कमी होत चालल्या होत्या. गेलेल्या माणसाची वस्तू जशीच्या तशी ठेवणं ही त्याच्याशी राखलेली इमानदारी आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. असं वाटणारा माणूस मूर्ख नसतो. आपण सगळेच कधी ना कधी तिथे उभे असतो.

आजी म्हणाली, "बुढ्यानं केली तवा आपुन चार जन होतो. आता मोजून पाय."

मग तिनंच बोटांवर मोजलं. ती स्वतः, मोठेबाबा, मोठीआई, बाबा, आई, आम्ही तीन पोरं. आठ झाले. एक बोट उरलं होतं. ते तिनं खाली केलं नाही. "अन् गाडी हाकते तो?" ती म्हणाली. "तो नाई का जेवत?"

कोणी काही बोललं नाही.

आता हे नीट सांगायला हवं. चार जणांची फळी होती म्हणून जेवणाच्या पंगती तीन व्हायच्या. आधी पुरुष आणि पोरं. मग बायका. आणि सगळ्यात शेवटी, फळी उचलून झाल्यावर, गाडी हाकणारे दादा. ते आमच्याकडे सालानं होते. आम्ही पोरं त्यांना दादा म्हणायचो. मोठेबाबा त्यांच्यापेक्षा वयानं लहान, तरी त्यांना अरेतुरे करायचे. दादा चाकापाशी, बैलांकडे तोंड करून जेवायचे. ते बौद्ध होते. १९५६ साली, ऐन तारुण्यात, नागपूरला दीक्षेला चालत गेलेले. गायमुखला आम्ही देवळात जायचो तेव्हा ते देवळाची पायरी चढायचे नाहीत. रेंगीपाशी बसून बैलांची राखण करायचे. कोणी त्यांना चाकापाशी बस म्हणून सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही. सांगायची गरजच नव्हती. फळी चार जणांची आहे, एवढं दिसत होतं. वर्षानुवर्षं त्या तीन हात लाकडानं आमच्या वतीनं ते सांगण्याचं काम केलं, आणि आमच्यापैकी कोणाच्याही तोंडाला विटाळ लागला नाही.

वस्तूंचं हे असं असतं. आपण जे उघड बोलायला लाजतो ते वस्तू करून टाकते. एका घरात पाण्याचा माठ किती उंचीवर आहे, ओसरीची पायरी कुठे संपते, बाहेरच्यासाठी ठेवलेला कप कोणत्या कोनाड्यात आहे, यावरून त्या घराची नीती वाचता येते. त्या घरातली माणसं मात्र ती वाचत नाहीत, कारण ती वस्तू त्यांच्या आधीपासून तिथे असते. जुन्याला कोणी जाब विचारत नाही. ते मोडलं, की एक दिवस, फार तर दोन दिवस, जाब विचारण्याची संधी असते. नवीन फळी खाचेत बसली की तीही जुनी व्हायला लागते.

वाढयानं तोड काढली ती साधी होती. खाच तीन हाताचीच, म्हणून फळी त्याहून लांब करता येत नव्हती. त्यानं तेवढ्याच मापाच्या दोन फळ्या केल्या आणि टोकाला तुमसरच्या बाजारातून आणलेल्या बिजागऱ्यांनी जोडल्या. मिटली की जुन्या खाचेत जाते, उघडली की सहा हात होते. मधे तिसरा दगड लावायचा. पण दोन फळ्यांचं वजन बैलांच्या मानेवर जाणार, म्हणून बीजा सोडून पातळ सागाच्या फळ्या घेतल्या. हे सांगतो कारण फुकट काही झालं नाही. पातळ फळी पहिल्याच पावसाळ्यात थोडी वाकली. बिजागऱ्या कुरकुरायच्या. आजोबांच्या फळीला जो भरदारपणा होता तो हिला कधी आला नाही, आणि मोठेबाबा ते दर जत्रेला बोलून दाखवायचे. त्यांचं ते म्हणणं खोटं नव्हतं. जुन्या फळीचा धडका भाग आजीनं गोठ्याच्या खिडकीला लावून घेतला. फेकू दिला नाही.

फळी बदलली तर रेंगी तीच राहते का, हा प्रश्न मला पुढे शाळेच्या पुस्तकांनी विचारला. पण तो मी पहिल्यांदा ऐकला दादांच्या तोंडून. त्याच सुमारास, १९६९-७० मध्ये, आमच्या जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं खोदकाम करून मोठा प्राचीन स्तूप उघडा केला होता. दादांच्या वस्तीवर त्याची फार चर्चा होती, आणि त्या ओघात विहारात कोणी तरी नागसेन आणि मिलिंद राजाची गोष्ट सांगितली होती. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. तो भिक्खू नागसेनाला भेटायला येतो. नागसेन त्याला विचारतो, तू रथात बसून आलास, मग रथ कोणता ते दाखव. दांडी म्हणजे रथ का? आख म्हणजे रथ का? चाकं, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? शेवटी राजाच कबूल करतो की हे सगळे भाग एकत्र आले म्हणजे त्याला रथ म्हणायचं, एवढंच. दादा बैलांना पाणी दाखवता दाखवता आम्हा पोरांना हे सांगत होते, आणि रेंगीच्या एकेका भागाला हात लावून विचारत होते, "हे रेंगी होय का?" आम्ही ओरडायचो, "नाई!"

नागसेनाला माणसाबद्दल बोलायचं होतं. माणसाच्या आत न बदलणारं असं काही बसलेलं नाही, हे त्याला दाखवायचं होतं. पण मला वाटतं, घराण्याच्या रीतीलाही हे तितकंच लागू आहे. "आमच्यात असं नसते" असं आपण म्हणतो तेव्हा जणू रीत म्हणून कोणी एक अखंड वस्तू आहे, आणि तिचा टवका उडाला तर सगळं घराणं कोसळेल. तसं काही नसतं. रीत ही फळी, खाच, दगड, पंगतींचा क्रम, कोणाला काय हाक मारायची, अशा सुट्या भागांची जुळणी असते. कोणी तरी एकदा ती जुळवली. चार जणांचं घर होतं म्हणून चार जणांची जुळवली. नऊ जण झाल्यावर तीच जुळणी धरून बसणं म्हणजे ज्यानं ती केली त्याच्याशी इमान राखणं, असं कसं म्हणता येईल? आजोबांनी फळी करून घेतली ती माणसांना जमिनीवरच्या धुळीत जेवावं लागू नये म्हणून. त्यांचं इमान राखायचं तर ते त्या हेतूचं राखायला हवं, तीन हातांचं नव्हे.

अलीकडे हाच प्रश्न पुन्हा पाहिला तो नागपुरात. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि फिरत्या घराची हौस आपल्याकडेही वाढू लागली. माझ्या एका पुतण्यानं जुन्या मोठ्या गाडीत तसं घर करून घेतलं. ओटा, पाण्याची टाकी, आणि दोन बाकांमध्ये एक टेबल. टेबल खाली उतरवलं की बाकांच्या मधली जागा भरून पलंग होतो. मला पाहताक्षणी आमची फळी आठवली. त्याच्या टेबलाचं लाकूड भुश्शाच्या दाबलेल्या पाट्याचं होतं. छत गळलं आणि ते फुगून फुटलं. तो बारा मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय आणून, जुन्या टेबलावर पेन्सिल फिरवून अगदी तसंच कापायला निघाला होता. मग त्याची आई सहज बोलून गेली, की माझे गुडघे वाकत नाहीत, मला त्या टेबलामागे सरकताच येत नाही, मी तर पुढच्या सीटवर मांडीत ताट घेऊन जेवते. ती दोन वर्षं तशी जेवत होती. तिनं तक्रार केली नव्हती, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुतण्यानं टेबल चार बोटं अरुंद केलं, एक कोपरा गोल कापला आणि मधला पाय फिरता बसवला. बस्स, एवढंच. तिथे ना जात होती ना विटाळ. फक्त आईला वगळणारं एक माप होतं, आणि ते माप पुन्हा एकदा जसंच्या तसं कापलं जाणार होतं.

आता दादांचं राहिलं. पुढच्या शिवरात्रीला सहा हातांची फळी उघडली. पहिल्यांदाच एक पंगत बसली. माझ्या आईनं जत्रेत पहिल्यांदा गरम भात खाल्ला असेल. आजीनं नववी थाळी टोकाला मांडली. दादांनी ती उचलली आणि नेहमीसारखे चाकापाशी जाऊन बसले. मोठेबाबांच्या चेहऱ्यावर "पाहिलंस?" असं उमटलं. आजी काही बोलली नाही. जेवण झाल्यावर दादा थाळी ठेवायला आले तेव्हा म्हणाले, "जागा केली, हे दिसते मले, माय. बसाचं तवा बसीन."

तेव्हा मला ते अपमानासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. जागा करणं हे आमचं काम होतं आणि ते फार उशिरा झालं होतं. बसणं हा त्यांचा अधिकार होता, आमच्यावरचा उपकार फेडण्याचा हप्ता नव्हे. त्याच्या पुढच्या वर्षी ते बसले. कोणी बोलावलं नव्हतं. बैलांना तनस टाकून, हात धुऊन आले आणि टोकाला बसले. त्या दिवशी मोठेबाबांनी त्यांना वरण वाढलं.

जत्रेहून आम्ही घरी आलो. संध्याकाळी दादा ओसरीच्या खालच्या पायरीवर, आपल्या वेगळ्या थाळीत जेवले. घरातलं काही मोडलं नव्हतं. आजी वाढायला बाहेर आली तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरची फळी कवा मोडनार हाय, माय?"

आजीजवळ उत्तर नव्हतं. त्या वर्षी साल संपल्यावर दादांनी आमचं काम सोडलं आणि चिखल्याकडे, मँगनीजच्या खाणीवर गेले. ओसरीची ती पायरी पुढे बरीच वर्षं शाबूत होती.