मेलेली दाढ

रूट कॅनल झालेली दाढ जिवंत की मेलेली? आमच्या तळेऱ्यात हा प्रश्न मला एका भजनी बुवांनी विचारला. "डॉक्टरांनू, नस काढलास म्हणजे दाढ मेली. मग मेल्लेला तोंडात कित्याक ठेवूचा?" विजयदुर्ग आणि गगनबावड्याकडच्या वाटा इथे महामार्गाला मिळतात, पेशंट चहूकडून येतात, पण बहुतेकांचा प्रश्न खर्चाचा असतो.

नस गेली हे खरं. पण मुळाला जबड्याच्या हाडाशी धरून ठेवणारे तंतू जिवंतच असतात. भातातला खडा कळतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनाने विचारलं होतं, रथ म्हणजे चाक का, आस का? एकही सुटा भाग रथ ठरला नाही. दाढेचं असणंही मला तिच्या पोटातल्या नसेत दिसत नाही, हाडाशी असलेल्या नात्यात दिसतं. म्हणून माझ्या हिशेबी दाढ मरते ती मूळ उभं चिरतं तेव्हा. त्या फटीतून जंतू शिरतात, तंतू सुटतात, लगतचं हाड झिजतं. मग सांधणं नाही.

आणि ही फट कधीकधी आमच्याच हातून पेरली जाते, तीही मजबुतीच्या नावाखाली. मुळातला कॅनल गरजेपेक्षा रुंद कोरायचा, त्यात धातूची पोस्ट, म्हणजे दांडी, बसवायची. पोलादाचा ताठपणा डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या मुख्य कठीण भागाच्या, सुमारे दहापट. चावताना डेंटिन किंचित लवतं, पोस्ट लवत नाही, आणि फणसाच्या ओंडक्यात पाचर मारावी तसा ताण मुळावर येतो. खरं तर पोस्ट मुळाला बळ देतच नाही, वरचं भरण तेवढं धरते. दाढेला बहुधा ती लागतही नाही. आतली पोकळी भरणाला पुरते. लागलीच तर फायबरची, डेंटिनच्या जवळपास लवणारी. खरी राखण करते ती हिरडीच्या वर चहूबाजूंनी उरलेली दीड-दोन मिलिमीटरची दाताची स्वतःची भिंत, आणि तिला कवेत घेऊन चावायची टोकं झाकणारी कॅप.

देह नश्वर म्हणून गाणाऱ्या बुवांना एवढी जपणूक मोह वाटली. मी तिला अहिंसेत धरतो. शाबूत डेंटिन कोरणं ही इजाच, मग हेतू कितीही चांगला असो.

बुवांनी कॅप बसवून घेतली, पण विचारलंच, "आणि तरी चिरली तर?" खालच्या दाढेचं एकच मूळ चिरलं असेल तर तेवढं काढून दुसऱ्या मुळावर अर्धी दाढ कधीकधी राखता येते, मी सांगितलं.

"मगे तिका दाढ म्हणूचा काय?"

"चावता," म्हटलं.