सेक्रम

विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकलला शिकणारा भाचा बोन-सेट मांडून हाडांची नावं घोकतो. जन्मभर इंग्रजी शिकवलेली मी 'सेक्रम'पाशी अडते. लॅटिन 'साकेर' म्हणजे पवित्र. सॅक्रेड, सॅक्रिफाइस त्यातलेच. माकडहाडाच्या वरचं, पाच मणके जुळून झालेलं हे हाड ग्रीकांनीही पवित्रच म्हटलं. का, यावर पंडितांचं एकमत नाही. आपल्या 'त्रिकास्थी' या नावात मात्र पावित्र्याचा मागमूस नाही.

"मावशी, व्हायव्हात हे विचारत नाहीत," भाचा म्हणतो. न विचारू देत!

मग पावित्र्य हाडात की नावात? मला विचाराल तर कशातच नाही. ते, अशा मुलांना शिकता यावं म्हणून देहदान करणाऱ्याच्या निर्णयात आहे. तुमचा तसा विचार असेल तर घरच्यांना आजच सांगा. ऐनवेळी देह सोपवायचा असतो त्यांनीच.