कुलूप आणि किल्ली

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि अवघा महाराष्ट्र हादरला. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून प्रकरणाची दखल घेतली. राज्य शासनाने शाळांमध्ये महिनाभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा आदेश काढला. हे सारे आवश्यकच होते, याबद्दल दुमत नाही. तरीही एक नैतिक प्रश्न मागे उरतो : यंत्र बसविल्याने लेकरांना राखण्याचे आपले कर्तव्य पार पडते काय?

कॅमेरा घडणारी गोष्ट टिपतो. ती घडत असताना कोणी पाहत असेल आणि पाहणारा उठून धावणार असेल, तर ते टिपणे संरक्षण ठरते. एरवी तो केवळ पुरावा असतो आणि पुराव्याचा उपयोग सुरू होतो तो घाव बसल्यानंतर. बदलापूरच्या मुलींचे दुःख प्रथम कळले ते त्यांच्या घरच्यांना. पुढे तक्रार नोंदवून घेण्यास झालेल्या विलंबाबद्दल न्यायालयाने कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली. लेकरू बोलले होते. ऐकण्याचे काम मोठ्या माणसांचे होते. ते काम करणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

अडचण येथेच संपत नाही. परक्या माणसापासून मुलांना जपायचे तर फाटक बंद हवे. आगीपासून जपायचे तर तेच फाटक क्षणात उघडायला हवे. एकाच दाराकडे आपण दोन परस्परविरोधी मागण्या करीत असतो. काही वर्षांपूर्वी मी शिकवीत होतो त्या शाळेत आगीचा सराव ठरला. घंटा झाली, वर्ग रांगेने मागच्या फाटकाशी आले, आणि फाटकाला कुलूप! किल्ली शिपाईमामांजवळ आणि शिपाईमामा चलन भरायला बँकेत गेलेले. मुले हसली, आम्ही शिक्षकही हसलो. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. कुलूप सुरक्षेसाठीच घातले होते. ते घालणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. किल्लीचा विचार मात्र आम्हांपैकी कोणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही.

शुद्ध हेतू आणि नियमांचे पालन एवढ्याने भागत नाही, याची साक्ष आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागो शहरातील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या धर्मग्रामाच्या शाळेत जिन्याच्या तळाशी कचऱ्याच्या पिंपातून आग भडकली. उघड्या जिन्यावाटे धूर वरच्या मजल्यावर पोहोचला. ९२ मुले आणि ३ धर्मभगिनी मृत्युमुखी पडल्या. ही शाळा काही आठवड्यांपूर्वीच अग्निसुरक्षेच्या तपासणीत उत्तीर्ण झाली होती! जुन्या इमारतींना नवे नियम लागू नव्हते. धोक्याची घंटा इमारतीतच वाजे. अग्निशमन दलाला तिची वर्दी जात नसे. कागदोपत्री कोणी चुकले नव्हते, आणि ९५ शवपेट्या उचलल्या गेल्या.

आपल्या देशात १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील शाळेच्या आगीत ९४ बालके गेली. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. आणि आपल्या शहरात? एप्रिल २०२४ मध्ये छावणी भागात पहाटे खालच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील ७ जणांचा गुदमरून अंत झाला. धूर वर चढतो, हे भौतिकशास्त्र शिकागोत आणि छावणीत सारखेच आहे.

येथे कोणी म्हणेल, साठ मुलांच्या वर्गात शिकविणाऱ्या बाईंनी आता पहारेकरी आणि अग्निशामकही व्हावे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तर साधनांची गरज आहे. त्यांना तुच्छ लेखण्यात कसलीही आध्यात्मिकता नाही. “देव तारी त्याला कोण मारी” असे म्हणून विजेच्या उघड्या तारा तशाच ठेवणे ही श्रद्धा नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्याचा मोह सैतानाने घातला तेव्हा प्रभूने तो ठाम नाकारला. दूतांवर विसंबून जिना न बांधणे हा त्याच मोहाचा नवा अवतार होय. मात्र साधनापाशी माणूस उभा हवा. किल्ली कोणाकडे, विजेचा मुख्य खटका कोण बंद करणार, ११२ क्रमांक कोण फिरविणार, चाकाच्या खुर्चीवरील मुलाला जिन्यावरून कोण उतरविणार, या प्रत्येक प्रश्नापुढे एका व्यक्तीचे नाव हवे, आणि ती रजेवर असल्यास दुसरीचे. नाव नसलेली जबाबदारी कोणाचीच नसते.

योहानच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात तो शंभरावे मेंढरू शोधायला निघतो. शंभरावे हरवले हे त्याला कळले कसे? त्याने मोजले होते म्हणून! शाळेतील हजेरीपट हे मला याच मोजणीचे रूप वाटते. इतर साऱ्या उपकरणांहून ते जुने आणि स्वस्त आहे. पण मैदानावर जमलेल्या वर्गापुढे ते उघडले जात नसेल, तर कपाटात पडलेल्या किल्लीइतकेच निरुपयोगी.

त्या फजितीनंतर महिन्याभराने आम्ही पुन्हा सराव घेतला. या वेळी फाटक उघडे होते. मैदानावर हजेरी घेतली. माझ्या वर्गात एक कमी भरला. तो प्रसाधनगृहात होता, आणि घंटा कशासाठी झाली हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याला हाताला धरून मैदानावर आणले. पुढच्या यादीत आम्ही एक काम वाढविले, प्रसाधनगृह पाहून येणे, आणि त्यापुढे माझे नाव लिहिले.